लॅपटॉपचा मेंदू बदलताना

दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप अनेक घरांत आजही वापरात असतो. थोरल्या मुलाचे अभियांत्रिकीचे शिक्षण त्यावर पार पडलेले असते, धाकटीचा अभ्यास आता त्यावर चाललेला असतो आणि सायंकाळी घरातील ज्येष्ठ मंडळी त्याच पडद्यावर परदेशातील नातवंडांशी बोलत असतात. यंत्राचा सांगाडा शाबूत असतो, पडदा स्वच्छ असतो, कळफलकाची अक्षरे थोडी पुसली असली तरी कळा चालतात. तक्रार एकच असते, ती वेगाची. संकेतस्थळ उघडायला वेळ लागतो, चित्रफीत अडखळते, पंखा घरघरतो. अशा वेळी कुणीतरी जाणकार सुचवतो, की नवा लॅपटॉप कशाला, प्रोसेसर तेवढा बदलून घ्या. सल्ला स्वस्त वाटतो आणि आकर्षकही. परंतु तो प्रत्येक लॅपटॉपला लागू पडत नाही. आणि जेथे लागू पडतो, तेथेही त्याचा लाभ अपेक्षेइतका होईलच असे नाही. यंत्राचे स्क्रू सैल करण्यापूर्वीच ही तपासणी झालेली बरी.

बसवलेला की जखडलेला?

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. लॅपटॉपमधील प्रोसेसर मदरबोर्डवरून सुटा होतो काय? प्रोसेसर जोडण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत प्रोसेसरच्या तळाशी शेकडो बारीक पिना असतात आणि त्या मदरबोर्डवरील खाचेत, म्हणजे सॉकेटमध्ये बसतात. सॉकेटच्या कडेला असलेला एक छोटा स्क्रू अर्धा वळसा फिरवला, की पकड सैल होते व प्रोसेसर अलगद उचलता येतो. दुसऱ्या पद्धतीत पिना नसतात. तळाशी असलेले कथिलमिश्रित धातूचे सूक्ष्म गोळे वितळवून प्रोसेसर मदरबोर्डला कायमचा जोडलेला असतो. तो काढण्यासाठी नियंत्रित उष्ण हवेची यंत्रणा आणि कसबी हात लागतात. घरगुती दुरुस्तीच्या कक्षेत हे काम येत नाही.

या दोन पद्धतींचा इतिहास पाहिला, तर कोणता लॅपटॉप कोणत्या गटात मोडतो याचा अंदाज येतो. इंटेलने जानेवारी २००६ मध्ये कोअर ड्युओ व त्याच वर्षी कोअर-२ ड्युओ हे प्रोसेसर लॅपटॉपसाठी आणले. त्यांतील बहुतेक सॉकेटमध्ये बसणारे होते. मात्र जानेवारी २००८ मध्ये अॅपलने मॅकबुक एअर हा सडपातळ लॅपटॉप सादर केला, तेव्हा त्यासाठी इंटेलने लहान आकाराचा, मदरबोर्डला जोडूनच टाकलेला प्रोसेसर पुरवला होता. २०११ मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’ची कल्पना पुढे केली आणि जाडी कमी करण्याची स्पर्धा सुरू झाली. सॉकेटची उंची काही मिलिमीटरचीच असते; पण ज्या यंत्राची जाडीच मिलिमीटरमध्ये मिरवली जाते, तेथे तेवढी जागाही अडचणीची ठरली.

परिणामी २०१३ मध्ये आलेली चौथी पिढी ही लॅपटॉपसाठी सॉकेटमध्ये बसणारे प्रोसेसर देणारी इंटेलची शेवटची पिढी ठरली. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचे प्रोसेसर जोडूनच येऊ लागले. एएमडीनेही २०१४ च्या सुमारास तोच मार्ग धरला. मेजावरच्या संगणकाचा प्रोसेसर बसवलेले काही जाडजूड, खेळांसाठी बनवलेले लॅपटॉप हा अपवाद सोडला, तर साधारण २०१५ नंतरच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बदलण्याचा विचार मनातून काढून टाकावा, हेच उत्तम.

जुन्या यंत्रांतही सर्वच प्रोसेसर सुटे नसतात. प्रोसेसरच्या नावातील शेवटची अक्षरे येथे वाटाड्याचे काम करतात. तिसऱ्या पिढीत ‘एम’ किंवा ‘क्यूएम’ आणि चौथ्या पिढीत ‘एम’ किंवा ‘एमक्यू’ ही अक्षरे बहुधा सॉकेटची खूण असतात. ‘यू’ असेल, तर तो कमी विजेवर चालणारा, जोडलेला प्रोसेसर समजावा. चौथ्या पिढीतील ‘एचक्यू’ हाही जोडलेलाच. म्हणजे ४७००एमक्यू आणि ४७००एचक्यू या दोन नावांत एका अक्षराचा फरक, पण एक निघतो आणि दुसरा निघत नाही. एवढ्यावरही विसंबून चालत नाही, कारण तिसऱ्या पिढीतील काही प्रोसेसर एकाच नावाने दोन्ही स्वरूपांत निघाले होते. अंतिम निर्णय त्या मॉडेलच्या दुरुस्ती-पुस्तिकेवरून किंवा लॅपटॉप उघडून प्रत्यक्ष पाहूनच करावा.

खाचेत बसले म्हणजे चालले नव्हे

प्रोसेसर सुटा आहे म्हणून बाजारातील कोणताही प्रोसेसर त्या जागी चालतो, असा एक गैरसमज आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. इंटेलच्या ‘सॉकेट एम’ आणि ‘सॉकेट पी’ या दोन्हींत पिनांची संख्या ४७८ होती; तरीही पिनांची मांडणी वेगळी असल्याने एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नसे. पुढे पहिल्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांचे ‘जी-१’ सॉकेट आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे ‘जी-२’ सॉकेट यांच्याबाबतही तेच घडले. दोन्ही ९८८ पिनांची, पण परस्परांशी विसंगत.

सॉकेट जुळले तरी आणखी दोन पहारेकरी असतात. पहिला म्हणजे चिपसेट. प्रोसेसर आणि संगणकाचे इतर भाग यांच्यातील देवाणघेवाण तो सांभाळतो आणि कोणत्या पिढीचे प्रोसेसर चालतील हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. दुसरा पहारेकरी म्हणजे बायोस, अर्थात यंत्र सुरू होताच सर्वप्रथम चालणारी मूळ प्रणाली. प्रोसेसरची ओळख पटवणे, त्याला योग्य विद्युतदाब देणे आणि त्याच्या अंतर्गत सूचनांतील दुरुस्त्या भरणे ही कामे बायोस करते. नव्या प्रोसेसरची माहितीच तिच्यात नसेल, तर पडदा काळाच राहतो, किंवा यंत्र सुरू होऊनही प्रोसेसर आपल्या पूर्ण गतीने चालत नाही.

यावर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे उत्पादक कंपनीने त्याच मॉडेलमध्ये कारखान्यातून कोणकोणते प्रोसेसर बसवून विकले, याची यादी पाहणे. ही यादी बहुधा दुरुस्ती-पुस्तिकेत सुट्या भागांच्या क्रमांकांसह दिलेली असते. यादीतील प्रोसेसर निवडला तर धोका कमी. यादीबाहेरचा निवडला तर तो प्रयोग आहे, याची जाणीव ठेवावी.

उष्णतेचे गणित

लॅपटॉपच्या बाबतीत खरी मर्यादा उष्णतेची असते. प्रोसेसरमधील सूक्ष्म स्विचांची उघडझाप होताना जी वीज खर्च होते, ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या आणि गतीच्या प्रमाणात वाढते. गती १० टक्क्यांनी वाढवायची आणि त्यासाठी दाबही १० टक्क्यांनी वाढवावा लागला, तर १.१ चा घन, म्हणजे १.३३ पट वीज लागते. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के जादा वीज! ही सारी वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते आणि ती बोटभर जाडीच्या पेटीतून बाहेर फेकावी लागते.

त्यासाठी प्रोसेसरवर तांब्याची पट्टी, तिला जोडलेली उष्णतावाहक नळी, नळीच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी आणि जाळीवर हवा मारणारा पंखा अशी व्यवस्था असते. ती विशिष्ट मर्यादेपर्यंतच्या उष्णतेसाठी आखलेली असते. प्रोसेसरच्या माहितीपत्रकात ही उष्णता वॅटमध्ये नमूद केलेली असते. ३५ वॅटच्या जागी ४५ वॅटचा प्रोसेसर बसवला, तर तो चालेलही. पण तापमान ठरावीक पातळीवर पोचताच स्वतःला वाचवण्यासाठी तो आपली गती उतरवतो. पैसे मोजून घेतलेला वेग असा वाफेसारखा निघून जातो. शिवाय ६५ वॅटचे चार्जर अशा प्रोसेसरला आणि बॅटरी भरण्याला एकाच वेळी पुरेसे पडेल, याची खात्री नसते. म्हणून शक्यतो मूळ प्रोसेसरइतक्याच वॅटचा पर्याय निवडावा.

वेग वाढतो तरी किती?

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २०१२ च्या सुमाराच्या अनेक कार्यालयीन लॅपटॉपमध्ये इंटेलचा तिसऱ्या पिढीतील कोअर आय-५ ३३२०एम हा प्रोसेसर असे. त्यात दोन गाभे असून मूळ गती २.६ गिगाहर्ट्झ आणि गरज पडल्यास ३.३ गिगाहर्ट्झ होते. त्याच्या जागी कोअर आय-७ ३६३२क्यूएम बसवला, तर गाभे चार होतात, तात्पुरत्या साठ्याची स्मृती ३ मेगाबाइटवरून ६ मेगाबाइट होते आणि उष्णता ३५ वॅटच राहते. कागदावर हा व्यवहार उत्तम दिसतो. पण गतीचे आकडे पाहिले, तर नव्या प्रोसेसरची मूळ गती २.२ आणि कमाल गती ३.२ गिगाहर्ट्झ आहे. म्हणजे एकाच गाभ्यावर चालणाऱ्या कामात नवा प्रोसेसर जुन्याच्या किंचित मागेच राहण्याची शक्यता.

चार गाभ्यांचा लाभ केवळ अशा कामांत होतो, ज्यांचे तुकडे पाडून ते एकाच वेळी करता येतात. संगणकशास्त्रज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये ही मर्यादा दाखवून दिली. समजा, एखाद्या कामाचा निम्मा भाग विभागता येतो आणि निम्मा एकामागून एकच करावा लागतो. एका गाभ्यावर त्याला १०० सेकंद लागत असतील, तर दोन गाभ्यांवर ७५ आणि चार गाभ्यांवर साडेबासष्ट सेकंद लागतील. गाभे दुप्पट झाले, वेळेत बचत मात्र साधारण १७ टक्के. चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय आराखडे, मोठे सॉफ्टवेअर संकलित करणे अशा कामांत विभागता येणारा भाग मोठा असतो, तेथे फरक स्पष्ट जाणवतो. महाजालावरील चित्रफिती पाहतानाही थोडा लाभ होतो. कारण त्या ज्या व्हीपी-९ पद्धतीने अनेकदा पाठवल्या जातात, ती उलगडण्याची स्वतंत्र सोय तिसऱ्या पिढीच्या चित्रप्रक्रिया विभागात नाही आणि तो भार प्रोसेसरलाच उचलावा लागतो. परंतु पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, बातम्या वाचणे यांसाठी चार गाभे हे दोघांच्या घरात चार चुली मांडण्यासारखे आहे.

मग जुना लॅपटॉप मंद का वाटतो? बहुतेक वेळा दोष प्रोसेसरचा नसून फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. लॅपटॉपमधील साधी डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी असलेली माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. टोक जागेवर सरकण्याचा वेळ वेगळाच. या अर्ध्या फेऱ्यात २.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सुमारे १ कोटी ४४ लाख ठोके मोजून रिकामा बसलेला असतो. जो आधीच ताटकळत आहे, त्याच्या जागी आणखी चपळ गडी आणून बसवला, तर तोही ताटकळतच राहणार. फिरते भाग नसलेली सॉलिड स्टेट डिस्क बसवली, की ही प्रतीक्षा कितीतरी पटींनी घटते. रॅम चार गिगाबाइट असेल तर ती आठ करणे हा दुसरा उपाय. रॅम अपुरी पडली, की संगणक डिस्कचाच वापर स्मृतीसारखा करू लागतो आणि सारे व्यवहार त्या संथ डिस्कच्या दारात रांग लावतात.

तिसरा उपाय तर जवळजवळ फुकटचा आहे. वर्षानुवर्षांची धूळ पंख्याच्या जाळीत नमद्यासारखी बसते आणि प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप वाळून जातो. ही सफाई करून नवा लेप लावला, तर तापून गती उतरवणारा जुना प्रोसेसर पुन्हा आपल्या मूळ गतीने चालू लागतो. हे तीन उपाय झाल्यानंतरही काम अडत असेल, तरच प्रोसेसरकडे वळावे.

बदलायचेच ठरले तर

प्रथम सर्व माहितीची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. डिस्क कूटबद्ध केलेली असल्यास तिची पुनर्प्राप्तीची किल्ली लिहून ठेवावी. हार्डवेअर किंवा बायोस बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. मग जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोसची अद्ययावत आवृत्ती घालावी. हे काम चालू असताना वीज गेली, तर मदरबोर्ड निकामी होण्याची भीती असते. जेथे विजेचा लपंडाव नित्याचा, तेथे बॅटरी पूर्ण भरलेली असल्याखेरीज हे पाऊल उचलू नये. दहा वर्षांच्या बॅटरीत जीव उरला नसेल, तर यूपीएसचा आधार घ्यावा.

त्यानंतर चार्जर व बॅटरी काढून, सुरू करण्याची कळ काही सेकंद दाबून धरावी, म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून जातो. कोरड्या हवेत अंगावर साठणारी स्थितिक वीज नाजूक भागांना घातक असते. म्हणून हाताला भूसंपर्क पट्टा बांधावा, किमान जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करून मगच काम सुरू करावे. निघालेले स्क्रू लांबीनुसार वेगळे ठेवावेत. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला, तर तो बोर्डात घुसतो.

उष्णतावाहक पट्टीचे स्क्रू बहुधा क्रमांक घातलेले असतात. ते त्या क्रमाने थोडे थोडे सैल करावेत. पट्टी चिकटली असेल तर ओढू नये, हलकेच आडवी सरकवावी. सॉकेटचा स्क्रू फिरवून जुना प्रोसेसर सरळ वर उचलावा. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील छोटा त्रिकोण आणि सॉकेटवरील खूण जुळवून तो नुसता ठेवावा. तो आपल्या वजनानेच बसला पाहिजे. दाबावा लागला, तर काहीतरी चुकते आहे. एक पीन वाकली, तरी सारा खर्च पाण्यात जातो. लॅपटॉपच्या प्रोसेसरवर धातूचे झाकण नसते, सिलिकॉनचा तुकडा उघडाच असतो. पट्टी तिरकी टेकली, तर त्याचा कोपरा काचेसारखा उडतो. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, तांदळाच्या दाण्याएवढा नवा लेप लावावा आणि स्क्रू पुन्हा क्रमाने, थोडे थोडे आवळावेत. पंख्याची तार जोडण्यास विसरू नये.

यंत्र सुरू झाल्यावर प्रथम बायोसमध्ये नव्या प्रोसेसरचे नाव दिसते का ते पाहावे. कार्यप्रणाली सामान्यतः नव्याने घालावी लागत नाही. मग अर्धा तास जड काम देऊन तापमानावर आणि गतीवर लक्ष ठेवावे. गती वारंवार कोसळत असेल, तर पट्टी नीट बसली नाही किंवा शीतकरणाची व्यवस्था अपुरी आहे, असे समजावे.

खरेदीतील खाचखळगे

या पिढ्यांतील लॅपटॉपचे प्रोसेसर आता उत्पादनात नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये किंवा महाजालावरील दुकानांत जे मिळते, ते मोडीत निघालेल्या यंत्रांतून काढलेले असते. ‘नवा’ म्हणून सांगितला जाणारा प्रोसेसरही त्यामुळे संशयानेच पाहावा. पिना भिंगाखाली तपासाव्यात, सिलिकॉनच्या कडा अखंड आहेत का ते पाहावे आणि चालवून पाहण्याची व परत करण्याची मुदत आधीच ठरवून घ्यावी. इंटेलच्या प्रोसेसरवर ‘एसआर’ने सुरू होणारा पाच चिन्हांचा संकेतांक असतो, त्यावरून प्रोसेसर नेमका कोणता आणि सॉकेटचा की जोडण्याचा, हे कळते. ज्यावर ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असे छापलेले असेल, तो चाचणीसाठी बनवलेला नमुना असतो. तो विक्रीसाठी नसतोच आणि बायोस त्याला ओळखेल याची शाश्वतीही नसते.

पुढे किती दिवस?

सर्वांत कळीचा प्रश्न मात्र प्रोसेसरच्या गतीचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज-१० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज-११ साठी अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक आहे. सॉकेटचे लॅपटॉप चौथ्या पिढीवर थांबले. म्हणजे ज्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बदलता येतो, त्यांतील एकही प्रोसेसर बदलून या अटीत बसत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या प्रणालीवरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे आहे आणि नवा प्रोसेसर तो धोका तसूभरही कमी करत नाही.

अशा यंत्रांसाठी लिनक्सचा मार्ग खुला आहे. उबुंटू किंवा मिंट यांसारख्या प्रणाली मोफत आहेत, त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात, मराठी टंकलेखनही त्यांवर करता येते. सॉलिड स्टेट डिस्क, आठ गिगाबाइट रॅम आणि लिनक्स एवढ्यावर विद्यार्थ्याचा अभ्यास, लेखन आणि महाजालावरील बहुतेक कामे व्यवस्थित चालतात. विंडोजवरच चालणारे एखादे सॉफ्टवेअर अपरिहार्य असेल, तर मात्र प्रोसेसरवर खर्च न करता ती रक्कम दुसऱ्या, नव्या पिढीच्या यंत्रासाठी राखून ठेवणे श्रेयस्कर.

या साऱ्यामागे एक व्यापक प्रश्नही आहे. सुटे भाग बदलता न येणारे यंत्र एका भागासाठी संपूर्ण टाकून द्यावे लागते आणि त्यातील जड धातू अखेर कुणाच्या तरी मातीत व पाण्यात उतरतात. भारतात २०२२ चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, तर ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमून त्याच वर्षाच्या अखेरीस त्याचे संकेतस्थळही सुरू केले. अमेरिकेतील फ्रेमवर्क या कंपनीने २०२१ पासून असे लॅपटॉप विकण्यास सुरुवात केली, ज्यांत प्रोसेसर जोडलेलाच असला, तरी संपूर्ण मदरबोर्ड काढून पुढील पिढीचा बसवता येतो. सडपातळपणा आणि दुरुस्तीयोग्यता या दोहोंचा मेळ घालता येतो, हे त्यातून दिसते. ग्राहकांनी मागणी केली, तर इतरांनाही त्याची दखल घ्यावी लागेल.

तूर्त जुन्या लॅपटॉपच्या मालकाने क्रम ध्यानात ठेवावा: आधी सफाई, मग डिस्क, मग रॅम, नंतर कार्यप्रणालीचा निर्णय आणि सर्वांत शेवटी प्रोसेसर. हा क्रम उलटा केला, तर चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला घालण्याची वेळ येते.